प्रकरण एकोणिसावे : साहेबाचा शेंदूर

"कुणी केलं हे? कुणाचे हात झडले न्हाईत हे करताना?"

पार्वतीबाईंचा आवाज बांधावरच्या कडुनिंबाखालून निघाला तो थेट मांडवात पोचला. सतरंज्या अंथरणारी माणसं वाकलेली तशीच राहिली. वरणाच्या हंड्याखाली लाकूड सारणाऱ्या राजेश्रीनं मात्र मान वर केली नाही. सासूबाई काय बघून ओरडल्या, हे तिला ठाऊक होतं.

ओट्यावर साहेब होते, पण ते साहेब राहिले नव्हते. पन्नास वर्षं दर माघात चढवलेला शेंदूर, त्यावर तेल, त्यावर पुन्हा शेंदूर, असे थर बसून जो गुबगुबीत, चांदीच्या डोळ्यांचा देव झाला होता, त्याच्या जागी हातभर लांबीचा एक राखाडी पोलादी तुकडा उभा होता. वरच्या टोकाला गोल भोक, खाली मोडकी मान, मधोमध ठोकलेले इंग्रजी आकडे. शेजारी शेंदराच्या खपल्यांनी भरलेली बादली आणि रंगाच्या दुकानात येतो तसला थिनरचा वास.

पन्नास वर्षांपूर्वी लष्कराचं एक विमान या शिवारात पडलं, त्या तिथीला दरवर्षी इथं कीर्तन व्हायचं. पिंगळीपासूनची माणसं यायची, दोनशे पानं उठायची. आज तीच तिथी. साडेदहा वाजून गेले होते, पालमहून कीर्तनकार माधवीताई निघाल्या होत्या, आणि ज्याच्यासाठी कीर्तन तो असा उघडा पडलेला.

बन्सीधर टाळ फडक्यानं पुसत होते. ते तसेच हातात धरून बांधावर आले. त्यांच्यामागे थोरला मुलगा राम आला, पूर्ण्याच्या शाळेचा हेडमास्तर. सगळ्यात शेवटी धाकटा परमेश्वर. त्याच्या नखांत शेंदूर होता.

"मी केलं, माय," तो म्हणाला. "पण डोळ्यांला धक्का लागू दिला न्हाई. डोळे नीट काडेपेटीत ठेवलेत."

"काडेपेटीत?" पार्वतीबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "देवाचे डोळे काढून काडेपेटीत घातलेस? आन् वर मला सांगायलास, नीट ठेवलेत म्हनून? आवं, ऐकायलाव का तुमच्या लेकाचं?"

"ऐकायलोय," बन्सीधर म्हणाले. "कामून केलंस, ते आदी सांग. ओरडायला दिवस पडलाय."

*

परमेश्वरानं सकाळपासून हे बोलणं मनात दहादा घोळवलं होतं. आईसमोर त्यातलं निम्मं विसरलं.

परभणीतल्या त्याच्या घरी, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, एक काचेचं कपाट होतं. उंची दाखवणारं तबकडीचं यंत्र, हवाई छत्रीचं बक्कल, चालकाच्या खुर्चीचा पट्टा, रंगाचा टवका उडालेला पत्रा. लष्कराच्या जुन्या विमानांचे अवशेष गोळा करायचा त्याला नाद होता. हैदराबादच्या भंगार बाजारात तो उन्हातान्हात दोन-दोन दिवस हिंडायचा. बायको हसायची, भाऊ कीव करायचा. आणि ज्या वस्तूसाठी देशभरातले संग्राहक जीव टाकतील, ती त्याच्या स्वतःच्या शेतात शेंदराखाली बसलेली. लहानपणापासून तो तिच्या पाया पडत होता आणि ती नेमकी काय, हे त्याला वर्षभरापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

"दादा, ते साधं विमान नव्हतं," तो वडिलांना म्हणाला. "चाचणीचं व्हतं. नवीन घडवलेलं, लांबच्या पल्ल्याची परीक्षा चालू व्हती. तसली दोनच बनली. एक इथं पडलं, दुसरं मोडीत गेलं. जगात त्याचं आता काही म्हनता काही उरलं न्हाई. हे सोडून."

"बरं. मग?"

"पुन्याचे एक संग्राहक हायत. ते नंबराबिगर इश्वास ठेवत न्हाईत. नंबर दिसंना, म्हनून शेंदूर काढला."

"आन् आता नंबर दिसला. मग?"

परमेश्वरानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ते बाराच्या गाडीनं पिंगळीला उतरायलेत. घेऊन जानार हायत. त्याच्या पातळ चकत्या करून, एकेक चकती कार्डावर बसवून..."

"चकत्या?" बन्सीधरांनी टाळ ओट्यावर ठेवले. "काकडी हाय का रं ती? पाहुन्याला कोशिंबीर करायची?"

मांडवातून कुणीतरी फिस्सकन हसलं. पार्वतीबाईंनी तिकडं बघताच ते हसू विरून गेलं.

"तुम्हाला हसायला येतंय," परमेश्वर तडकला. "जगात असंच करतेत. मोठ्या विमानाचे तुकडे लोक घराघरांत जपून ठेवतेत. नाव लिहून ठेवतेत! तुमी काय केलं? पन्नास वर्षं नुसतं साहेब साहेब! त्या मानसाचं नाव तरी कुणाला माहीत हाय का इथं? दादा, तुमाला? माय, तुला? ज्याला मांडीवर घेऊन पानी पाजलं म्हनून दर साली रडतीस, त्याचं नाव काय?"

हे मात्र लागलं. पार्वतीबाईंनी ओट्याकडं तोंड फिरवलं.

"जबान सांभाळ, परमा," राम पुढं झाला. "कुणाशी बोलायलास? आणि हे काम तू एकट्यानं केलं नाहीस. थिनरचा डबा आपल्या घरचा आहे. गेट रंगवायला मीच आणला होता."

आता सगळ्यांनी चुलीकडं बघितलं.

रामाची बायको राजेश्री पदराला हात पुसत आली. "मी दिला डबा," ती म्हणाली. "भाऊजींनी मागितला, मी दिला. आत्याबाई, तुमी रागवा. पण एकवीस वर्षं झाली, या तिथीला मी दोनशे मानसांचा सयपाक करायलेय. लग्न झालं त्याच वर्षी चार दिवसांची हळद अंगावर असताना या हंड्यापुढं बसवलं मला. कुनासाठी, इचारलं, तर म्हनले साहेबासाठी. साहेब कोन, तर गप. मला वाटलं, नेतोय तर नेऊ दे. सुटंल घर."

"सुटंल?" पार्वतीबाईंचा आवाज चिरकला. "माझ्या घरात राहून हे मनात ठेवून बसलीस तू?"

"माय, ते नंतर," राम म्हणाला. त्याला मांडवातल्या माणसांची लाज वाटत होती. "परमा, त्या संग्राहकाचे काही कागद असतील ना? दाखव."

*

कागद सात पानांचे होते, मोबाईलवर आलेले, परमेश्वरानं छापून घेतलेले. रामानं चष्मा लावला आणि ओट्याच्या कडेला बसून, वर्गात धडा वाचावा तसं इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागला. त्याची मुलगी निकिता, नांदेडला यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, त्याच्या खांद्यावरून डोकावत होती.

"विमानचालक, स्क्वाड्रन लीडर मॅथ्यू चाको. वय चौतीस. राहणार केरळ."

"काय म्हनलास?" पार्वतीबाई पुढं सरकल्या.

"मॅथ्यू, माय. मॅथ्यू चाको."

"म्याथू," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, नीट, "मॅथ्यू." ज्वारीच्या रानात तो पडला होता तेव्हा त्यांना अठरावं लागलं होतं. कणसं हुरड्यात आली होती. धुराकडं सगळी धावली, पण त्या आधी पोचल्या, कारण त्या तिथंच पाखरं राखायला बसल्या होत्या. त्यानं पाणी मागितलं ते कुठल्या भाषेत, हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. ओठ बघून कळलं. तीन घोट प्याला. चौथा गालावरून खाली आला.

राम पुढं वाचत गेला आणि त्याचा आवाज मंदावत गेला. "अवशेष आठ दिवस गोळा केले. शेपटाकडचा, डाव्या बाजूचा जोड... बिजागरीचा हात... सापडला नाही. तो मिळाला नाही म्हणून यंत्रातला बिघाड सिद्ध होत नाही. सबब अपघाताचं कारण..."

"काय? थांबलास कामून?" बन्सीधर म्हणाले.

"विमानचालकाची चूक."

कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

निकितानं बापाच्या हातातून शेवटची पानं ओढून घेतली आणि ती आजोबांकडं वळली. "आबा, इथं अजून आहे. त्यांच्या बायकोनं अठरा वर्षं अर्ज केले. नवऱ्याच्या नावावरचा ठपका काढा म्हणून. त्या वारल्या. आता मुलगी करतेय. अपघात झाला तेव्हा ती तीन महिन्यांची होती. तिनंच हे कागद जाहीर केलेत आणि लिहिलंय, कुणाकडे या विमानाचा तुकडा असेल तर कृपा करून कळवा. खाली पत्ता आहे, नंबर आहे." तिनं काकाकडं मान वळवली. "काका, हे तू वाचलं होतंस?"

परमेश्वर नखांतला शेंदूर कोरायला लागला.

"वाचलं होतंस का?"

"वाचलं व्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, पन्नास वर्षं झाली. आता कुणाला काय त्याचं."

"कुणाला काय?" निकिता ओट्यावर चढली. तिला कुणी अडवायच्या आत ती त्या तुकड्यापुढं गुडघे टेकून बसली होती. मोडलेल्या मानेवर तिनं फोनचा उजेड धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काका, मोडलेल्या तोंडावर काय लावलंस? पॉलिश पेपर घासलास?"

"न्हाई. नुसतं थिनरचं फडकं. घासलं तर किंमत जाती."

"देवानंच बुद्धी दिली तुला." तिनं आजोबांना हाक मारली. "आबा, इकडं या. हे बघा. मोडलं तिथं दोन रंग दिसतात का? एवढा भाग काळसर, गुळगुळीत, त्यात बारीक बारीक रेघा, झाडाच्या बुंध्यात असतात तशा. आणि हा उरलेला भाग खरखरीत, चमकणारा. चमकणारा भाग त्या दिवशी तुटला. काळा भाग त्याच्या आधीपासून, उड्डाणाउड्डाणाला थोडा थोडा चिरत आला होता. आम्हाला लॅबमध्ये हेच शिकवलंय. मी काही तज्ज्ञ नाही, कुणीतरी मोठ्यानं तपासायला पाहिजे. पण तो न सापडलेला बिजागरीचा हात म्हणजे हाच, आणि तो आधीच तडकलेला होता. वर चढल्यावर मोडला. त्यात त्या माणसाची काय चूक?"

"आन् गंजलं कसं न्हाई इतकी वर्षं?" बन्सीधरांनी विचारलं.

"तेल आणि शेंदूर. आजीनं वर्षाला तेल चढवलं म्हणून ते जसंच्या तसं राहिलं." निकिता थांबली. पुढचं वाक्य तिला गिळता आलं असतं. पण ती चिडलेली होती, आणि या घरात चिडलेलं माणूस गिळत नाही. "आणि त्याच शेंदरामुळं ते कुणाला सापडलं नाही. आज याच्या चकत्या झाल्या असत्या तर ते कधीच सापडलं नसतं. आणि आपण इकडं बुंदी वाटली असती!"

*

बन्सीधरांना ती सकाळ आठवत होती. त्यांना न आठवून चाललं नसतं, कारण दरवर्षी कीर्तनाच्या उत्तरार्धात ती सांगितली जायची. लष्कराची माणसं पोती घेऊन घरोघर फिरत होती, सापडेल ते द्या म्हणत होती. कुणी पत्रा दिला, कुणी तारा दिल्या, कुणी चुलीवर ठेवायला नेलेली झाकणी दिली. बाकीचं विमान त्यांच्या गायरानाकडच्या ज्वारीत पडलं होतं, हा एक तुकडा मात्र अर्धा कोस अलीकडं, या कडुनिंबाच्या रानात आधी गळून पडलेला. तिसऱ्या दिवशी अधिकारी कडुनिंबाखाली आला. बघतो तर शेंदूर फासलेला देव, पुढं नारळ फुटलेला. त्यानं बूट काढले, हात जोडले आणि निघून गेला. "लष्करानंही जिथं मस्तक नमवलं!" असं कीर्तनकारानं म्हणताच मांडवात टाळ्या पडायच्या. बन्सीधर त्या जागी टाळ जोरात वाजवायचे. पन्नास वर्षं वाजवत आले होते.

आज त्यांच्या मनात आलं, त्या अधिकाऱ्यानं बूट काढले नसते तर?

"मला आत्ताच्या आत्ता त्या पुन्यावाल्याला फोन लावून दे," ते परमेश्वराला म्हणाले.

"मी करतो," परमेश्वर म्हणाला. तो चार पावलं ज्वारीत गेला, पण त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. "येऊ नका साहेब... न्हाई, द्यायचं न्हाई... शब्द दिला व्हता, बरुबर हाय... काय? तुमी मला कायदा शिकवू नका. त्या पोरीचा अर्ज तुमच्याच कागदांत व्हता ना? तुमाला तर पहिल्यापासून माहीत व्हतं! माहीत असून चकत्या करायला निघालता? ... गाडीत बसलाव तर परभनीला उतरा, जेवून माघारी जावा. इथं पाऊल ठेवू नका." फोन बंद करून तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आईकडं न बघता त्यानं काडेपेटी ओट्यावर ठेवली.

रामानं तोवर खिशातला पेन काढून एका कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं होतं. तो सावध माणूस होता. पंचवीस वर्षं शाळेचे अहवाल लिहिण्यात गेलेली. "मी चाकोंच्या मुलीला रीतसर पत्र लिहितोय," तो म्हणाला. "आणि इकडं पोलीस पाटलालाही एक प्रत. ऐका. 'आमच्या शेतात नांगरट करताना नुकताच एक धातूचा तुकडा सापडला...'"

"नुकताच?" राजेश्री म्हणाली.

"अगं, सरकारी वस्तू दडवली म्हणून दादांच्या मागं लागले तर? या वयात? मांडव, कीर्तन आज नेहमीसारखं होऊ दे. माधवीताईंना काही सांगू नका. त्या नेहमीची कथा सांगतील, लोक जेवून जातील. उद्या शांतपणे..."

"म्हंजे पुन्ना खोटं," राजेश्री म्हणाली. सकाळी जी सुटायला निघाली होती तीच आता सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तिकडं त्या लेकीनं बापाचं तोंड बघितलं न्हाई. आयुष्यभर ऐकलं, तुझ्या बापानं विमान पाडलं. आन् तुमी लिहा, नुकताच सापडला! एकवीस वर्षं चूल फुंकली ती काय यासाठी? आज मी या कथेवर एक पान वाढनार न्हाई. सांगून ठेवते."

"राजेश्री, कळतंय का तुला, गुन्हा आहे तो!"

"गुन्हा हाय तर हाय," बन्सीधर म्हणाले. "माज्या बापानं शेंदूर लावला, म्हनून लिही. तो तर गेला. त्याला कोन धरनार?"

पार्वतीबाई आता नवऱ्याकडं वळल्या.

"तुमच्या बापानं न्हाई," त्या म्हणाल्या. "मामंजींनी फकस्त नारळ फोडला, सकाळी देव बघून. शेंदूर मी लावला. पहाटं मारुतीच्या देवळातून परडीभर आनला. कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला बी न्हाई."

"कामून, पार्वती?" बन्सीधरांनी पन्नास वर्षांत चारचौघांत बायकोला नावानं हाक मारली नव्हती.

"सगळंच घेऊन चालले व्हते. त्याला नेलं, त्याची टोपी नेली, रगत पडलेली माती बी पोत्यात भरून नेली. मला वाटलं, माज्या मांडीवर जीव गेला, आन् मागं काईच ऱ्हाऊ नये? मला काय ठाव, त्याचा निवाडा या लोखंडात हाय म्हनून! मी त्याला देव केलं. तो देव न्हवता. तो साक्षीला आलेला व्हता, आन् मी त्याच्या तोंडाला शेंदूर फासला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडे होते. होता तो राग, आणि तो आता दुसऱ्या कुणावर नव्हता. "आन् मगापासनं मी लेकाला हात झडतील म्हनायलेय."

बांधाखाली जीप थांबली. माधवीताई उतरल्या, तिशीच्या, पांढऱ्या नऊवारीत, गळ्यात वीणा अडकवायच्या तयारीत. मृदंगवाल्यानं मांडवात सूर मिळवायला घेतला. ताई हसत बांधावर आल्या, आणि ओट्याकडं नजर जाताच त्यांचं हसू थांबलं. रामानं दोन वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला, निकितानं तो मोडून चार वाक्यांत सगळं सांगितलं.

माधवीताई कीर्तनातली बाई. कथेचा शेवट काय होणार हे त्यांना नेहमी आधी माहीत असायचं. त्यांनी वाकून त्या पोलादाला नमस्कार केला, मग पार्वतीबाईंच्या पायांना हात लावला. "आजी, दरसाली इथं मी जे सांगत आले ते आज माझ्या तोंडून निघणार नाही. मग काय सांगू?"

"तू नको सांगू, माय. तुला ऐकीव हाय."

पार्वतीबाई मांडवाकडं निघाल्या. रामानं "माय, ऐक" म्हणत त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. रामालाच सोबत ओढत नेलं. मांडवात आता शे-सव्वाशे माणसं होती. बाया उजवीकडं, बापे डावीकडं, मधे कीर्तनकाराच्या उभं राहायच्या जागेपुढं समई. त्या जागेवर त्यांनी पाय ठेवला नाही. शेजारी, जमिनीवर उभ्या राहिल्या. मृदंगवाल्यानं हात आवरला. बन्सीधर टाळकऱ्यांच्या रांगेत आपल्या जागी येऊन उभे राहिले, रिकाम्या हातांनी.

"बसा," पार्वतीबाई म्हणाल्या. "बाया, तुमी बी नीट ऐका, घरी जाऊन सांगा. आपुन ज्याला साहेब म्हनत आलो, त्याचं नाव मॅथ्यू चाको. त्याला बायकू व्हती, ती त्याच्यासाठी भांडून भांडून मेली. लेक हाय, ती अजून भांडायलीय. त्यानं इमान पाडलं, असं सरकारच्या कागदात लिवलंय. त्यानं पाडलं न्हाई. इमानाचं हाड आदीच चिरलेलं व्हतं, आन् ते हाड मी दडवलं. त्या अधिकाऱ्यानं हात जोडले ते माज्या लबाडीला. त्यावर तुमी टाळ्या वाजवल्या, मी बी वाजवल्या."

मागं कुणीतरी उठून काही बोलायला लागलं. पार्वतीबाईंनी हात वर केला.

"राम, कागद काढ. इथंच, या मानसांसमोर. 'सापडला' लिवलंयस ते खोड. पयलं त्याचं नाव लिही, आन् म्होरं लिही, चूक त्याची न्हाई. मग लिही, पार्वतीबाई बन्सीधर, हिनं दडवला. नीट लिही, त्याच्या लेकीला वाचता आलं पायजे."